पाण्याचा भांग

मारोतराव मास्तरांचा तास चालू आहे की नाही, हे आमच्या शाळेत व्हरांड्यातूनच कळायचं. एखाद्या वर्गातून "फोडा!" असा आवाज आला की समजावं, इंग्रजी चाललंय. एकदा एक नवा चपराशी आला होता. त्यानं पहिल्याच दिवशी ते ऐकलं आणि धावत हेडमास्तरांकडे गेला. "साब, आठवीं में कुछ तोडफोड हो री." हेडमास्तर हजेरीवर सही करत होते. मान वर न करता म्हणाले, "होने देव. मास्टर लफ्जां फोड रै."

मास्तर इंग्रजीतले जोडशब्द फोडायचे. मराठीच्या तासाला समासाचा विग्रह करतात ना, तसा ते इंग्रजी शब्दांचा करायचे. दोन्ही हातांची पहिली बोटं एकमेकांना चिकटवून वर्गापुढे धरायची, म्हणजे समास. मग ती सावकाश लांब न्यायची, म्हणजे विग्रह. पोरं ओरडायची, मास्तर त्याहून मोठ्यानं ओरडायचे, आणि शेजारच्या वर्गात गोदावरीच्या उपनद्या शिकवणारी मी डस्टर आपटायची. मी भूगोलाची बाई.

शाळा काचीगुड्यातली, सरकारी, मराठी माध्यमाची. स्टेशन इतकं जवळ की इंजिन पाणी घ्यायला उभं राहिलं की प्रार्थनेचं शेवटचं कडवं वाफेच्या आवाजात जायचं. आमचे हे रेल्वेत, सिकंदराबादला. त्यामुळे मी त्या शाळेला चिकटले ती पेन्शन घेऊनच निघाले. मास्तरही तसेच चिकटले. पण माझं चिकटणं फुकटचं होतं आणि त्यांचं नव्हतं, म्हणून हे सांगायला बसलेय.

मास्तर मूळचे परभणीकडचे. घरी शेती. थोरला भाऊ ती बघायचा, आई त्याच्याकडे. मास्तर निजामाच्या राज्यात शिकले, म्हणजे गणित उर्दूत, इतिहास उर्दूत आणि शिव्या तेवढ्या मराठीत. इंग्रजीही उर्दूतूनच शिकले. त्यामुळे एका शब्दाला हात घातला की तिन्ही भाषा जाग्या व्हायच्या. एकदा अफजलगंजच्या बसमध्ये त्यांचं पाकीट मारलं. दुसरा कुणी असता तर ठाण्यात गेला असता. हे शाळेत आले आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: पिकपॉकेट. शेजारी खिसेकापू. त्याच्या शेजारी उर्दूतलं गिरहकट.

"काय फरक आहे?" त्यांनी विचारलं.

पोरं एकमेकांकडे बघायला लागली.

"अरे, नीट बघा! इंग्रज आधी हात घालतो, मग खिसा बघतो. आपला माणूस आधी खिसा बघतो, मग हात घालतो. माझा कालचा आपलाच होता. स्टँडपासून बघत होता बेटा."

दुसऱ्या वेळी ब्रेकफास्ट फोडला. ब्रेक म्हणजे मोडणं, फास्ट म्हणजे उपास. "म्हणजे पारणं! साहेब रोज सकाळी पारणं फेडतो." झालं. दुसऱ्या दिवशी एका पोराला घरी पाहुण्यांनी विचारलं, न्याहारी झाली का? तो म्हणाला, पारणं फेडलं. पाहुण्यांनी त्याच्या आईला विचारलं, एवढ्याशा पोराला उपास कसले करायला लावता? आई तणतणत शाळेत आली. मास्तरांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सगळा विग्रह पहिल्यापासून करून दाखवला. ती जाताना मला म्हणाली, "माणूस चांगला आहे हो, पण ह्याच्या बायकोचं कसं होत असेल?"

बटरफ्लाय मात्र फुटत नसे. लोणी आणि माशी मिळून फुलपाखरू कसं होतं, हे मास्तरांनी इन्स्पेक्टरला विचारलं, पाद्र्याला विचारलं, काचीगुडा स्टेशनात उतरलेल्या एका गोऱ्या ड्रायव्हरलाही विचारलं. ड्रायव्हरला वाटलं, हे लोणी विकायला आलेत. शेवटी वर्गात सरळ सांगून टाकायचे, "राहू द्या. हा फुटत नाही. मला माहीत नाही." माहीत नसलेलं ते लगेच कबूल करायचे. खोट होती ती दुसरीकडे. जे माहीत आहे असं त्यांना वाटायचं, ते जन्मात तपासायचे नाहीत.

आता राजम्मा. मास्तर शिकायला हैदराबादेत आले तेव्हा अंबरपेठेत एका तेलुगू शिंप्याकडे खोली घेऊन राहिले होते. राजम्मा त्या शिंप्याची मुलगी. लग्न झालं. कसं जमलं ते मला माहीत नाही, आणि ज्यांना माहीत होतं ते दरवेळी वेगळं सांगायचे. एवढं खरं की बापानं लेकीचं नाव टाकलं. चार गल्ल्यांवर राहायचा, पण तिच्या दारावरून जाताना मान फिरवून जायचा. थोरल्या मुलीच्या बारशाला आला नाही. धाकटी झाली तेव्हा एक दिवस न बोलावता आला. उरल्यासुरल्या तुकड्यांचं शिवलेलं झबलं हातात. आत या म्हटलं तर आत आला नाही, पायरीवर बसला. मग रोज दुकान बंद केलं की येऊन त्याच पायरीवर बसायला लागला. राजम्मा चहा आणून द्यायची आणि दाराशी टेकून उभी राहायची. दोघं फारसं बोलत नसत. मी एकदा तिला म्हटलं, "अगं, इतक्या वर्षांनी बाप आला, बोल की चार शब्द." ती म्हणाली, "आला की, बाई. अजून काय बोलायचं?"

तिचं मराठी तोवर चांगलं झालं होतं. नवऱ्याला हाक मात्र शेवटपर्यंत तेलुगूतच मारायची, "एवंडी."

अशात छप्पन साल आलं. हैदराबाद राज्य मोडायचं ठरलं. मराठी जिल्हे मुंबई राज्यात, कानडी म्हैसुरात, तेलुगू आंध्रात. स्टाफरूममध्ये दुसरा विषय नाही. कुणी चहाला आला की पहिला प्रश्न, "तुम्ही इकडचे की तिकडचे?" सरकारी नोकरांना विचारणा चालली होती, कुठं जाता ते कळवा. तिकडे परभणी-नांदेडकडे मराठी शाळा वाढत होत्या आणि शिकवायला माणूस मिळत नव्हता. मास्तरांना तालुक्याच्या शाळेची हेडमास्तरकी चालून आली, तीही गावाच्या अगदी जवळ. आई प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर निरोप धाडायची, "आता तरी ये म्हणावं." आणि इकडे आमच्या शाळेचे निम्मे वर्ग ओस पडणार हे आंधळ्यालाही दिसत होतं.

मास्तर कुणाला काही सांगेनात. कुणी छेडलं, "काय मास्तर, तुमचा विग्रह कधी?" की नुसते हसायचे. मला त्यांची अडचण दिसत होती. जायचं म्हणजे आईकडे जायचं, मानाच्या जागेवर जायचं. पण पायरीवर येऊन बसणाऱ्या त्या म्हाताऱ्यापासून राजम्माला दुसऱ्यांदा तोडायचं. मी राजम्मालाच विचारलं.

"ते म्हणतील तिकडे जाते," ती म्हणाली. "एकदा गेलेच ना घर सोडून. सवय आहे."

निरोपसमारंभ शाळेच्या मैदानात झाला. मांडव, सतरंज्या, जाणाऱ्या मास्तरांसाठी झेंडूचे हार. अध्यक्ष म्हणून शिक्षणखात्याचे एक मोठे साहेब आले होते. मद्रासकडचे. मराठी यायचं नाही, उर्दू जेमतेम. ते इंग्रजीत बोलणार आणि मारोतरावांनी वाक्यावाक्याचं मराठी करायचं, असं ठरलं होतं. राजम्मा मुलींना घेऊन बायकांत मागे बसली होती.

साहेबांचं बोलणं सरळ होतं आणि मास्तरांचं मराठीही सरळ चाललं होतं. मग साहेब म्हणाले की हे वर्ष म्हणजे ह्या राज्याच्या इतिहासातलं एक वॉटरशेड आहे.

मास्तर थबकले. पाठीमागे बांधलेल्या त्यांच्या हातांची बोटं एकमेकांना चिकटली आणि लांब झाली. मी स्टाफच्या खुर्च्यांत त्यांच्या मागेच बसले होते, मला ती स्पष्ट दिसली. वॉटर. शेड. आता काचीगुड्यात शेड म्हणजे काय, हे शेंबडं पोर सांगेल. पत्र्याची शेड, इंजिनांची लोकोशेड. मग पाण्याची शेड म्हणजे? मास्तरांचा चेहरा एकदम उजळला.

"साहेब म्हणतात, हे वर्ष म्हणजे आपल्या इतिहासातली पाणपोई आहे!"

साहेब पुढचं वाक्य बोलायला लागले होते. मास्तरांनी हातानंच त्यांना थांबवलं.

"पाणपोई! आपण कुठल्या कुठल्या गावचे वाटसरू. कुणी नांदेडचा, कुणी बिदरचा, कुणी वरंगळचा. उन्हातून आलो, एका मांडवाखाली बसलो, एका रांजणातलं पाणी प्यालो. कुणी कुणाला जात पुसली नाही, भाषा पुसली नाही."

पुसत होते हो, चांगली पुसत होते. पण त्या दिवशी कुणाला ते आठवलं नाही. पुढच्या रांगेत कुणीतरी डोळ्यांना उपरणं लावलं. ते बघून मास्तरांना आणखी चेव आला.

"पण पाणपोईवर कुणी घर बांधत नाही! पाणी प्यालं, तांब्या पालथा घातला, की उठायचं. जे उठतायत त्यांना रडून निरोप देऊ नका. मीही उठतोय. मी परभणीला जातोय!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबांना वाटलं, टाळ्या आपल्या इंग्रजीला आहेत. त्यांनी उठून नमस्कार केला. मी समोर बायकांत पाहिलं. राजम्मा उभी राहिली होती. तिनं दोन्ही मुलींचे हात धरले आणि ती फाटकाकडे चालू लागली. चिवड्याच्या पुड्या वाटायच्या होत्या, त्यासाठी धाकटी हात ओढत होती, पण ती थांबली नाही.

मला असा संताप आला की काय सांगू! बायकोला आधी सांगायची गोष्ट माणसानं अख्ख्या शाळेपुढे भाषणाच्या भरात सांगून टाकावी? दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मास्तर स्टाफरूममध्ये आले. लोक त्यांना शाबासकी देत होते. काय बोललात मास्तर, काय शब्द सापडला! मी डबा बंद केला.

"मास्तर, वॉटरशेड म्हणजे पाणपोई नव्हे."

"मग?"

"डोंगराची धार. तिच्या ह्या अंगाला पडलेलं पाणी एका नदीला जातं, त्या अंगाला पडलेलं दुसऱ्या नदीला. तुमच्या गावचा पाऊस गोदावरीला जातो. इथला मुशीला, मुशीतून कृष्णेला. मधे कुठंतरी ती धार आहे. भूगोलाच्या पुस्तकात आहे, सहावीच्या."

मास्तर खुर्चीवर बसले. मला वाटलं, वाईट वाटलं असेल. पण ते विचारात पडले होते.

"पण बाई, मग शेड कशी? डोंगरावर शेड कोण बांधतो?"

आता हे मला कुठलं माहीत! मी म्हटलं, धार आहे एवढं मला ठाऊक, शेड का म्हणतात ते इंग्रजाला विचारा. ते म्हणाले, "कोणत्या?" मास्तरांच्या बाबतीत असा प्रश्न थट्टेत घ्यायचा नसतो. सिकंदराबादला मिशनच्या शाळेत एक म्हातारी स्कॉच मिस होती, मी तिच्या हाताखाली ट्रेनिंग केलं होतं. शनिवारी अर्धी शाळा. आम्ही दोघं गाडीत बसलो आणि गेलो. तोवर मास्तरांच्या घरात राजम्मा त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती. हे मला मास्तरांनीच गाडीत सांगितलं. "जेवायला वाढते, बोलत नाही," म्हणाले. मी म्हटलं, "वाढते हे नशीब समजा."

मिसनं आम्हाला चहा दिला. मास्तरांनी आपला प्रश्न अगदी अदबीनं मांडला. मिस हसली. टेबलावरची पेन्सिल उचलली, उठून माझ्यामागे आली आणि तिचं टोक माझ्या कपाळावर टेकवलं. मी दचकले. तिथून तिनं ती पेन्सिल माझ्या भांगातून सरळ मागे अंबाड्यापर्यंत ओढत नेली.

"हे शेड," ती म्हणाली.

तिच्या मुलखात केसांच्या भांगाला शेड म्हणत. तिची आजी सकाळी कंगवा हातात देऊन म्हणायची, शेड युअर हेअर. पत्र्याची शेड हा शब्द निराळा, त्याचं ह्याच्याशी नातं नाही. हा फार जुना शब्द. वेगळं करणं, दोन बाजूंना सारणं, हा त्याचा अर्थ. तो बाकी सगळीकडे मागे पडला, ह्या पाण्याच्या शब्दात तेवढा अडकून राहिला.

मास्तरांनी चहाची बशी खाली ठेवली. बोटं जुळवली, लांब केली.

"पाण्याचा भांग," ते म्हणाले. इतक्या हळू आवाजात त्यांनी शब्द फोडलेला मी तोच ऐकला.

परतीच्या गाडीत सीताफळमंडी गेली तरी ते बोटं जुळवत आणि लांब करत होते. मग म्हणाले, "मी सगळ्यांदेखत चुकीचं सांगितलं."

"कुणाला कळलंय? टाळ्या दिल्या की लोकांनी."

"मला कळलं ना."

"आणि राजम्माला जे कळलं ते?"

काचीगुड्याला उतरलो तेव्हा दिवस कलला होता. माझं घर स्टेशनाजवळ, पण मी त्यांच्याबरोबर अंबरपेठेपर्यंत चालत गेले. का गेले म्हणाल, तर राजम्मा बरी आहे ना बघावं म्हणून. आणि थोडी उत्सुकता. उगीच खोटं कशाला बोलू!

म्हातारा शिंपी पायरीवर बसला होता. दिवेलागणीच्या आधी पोरींच्या वेण्या घालायच्या म्हणून राजम्मा दारात थोरलीला पुढ्यात घेऊन बसली होती. मास्तर चपला न काढता तसेच तिच्यापुढे उकिडवे बसले आणि पोरीच्या डोक्यावर बोट ठेवलं.

"ह्याला काय म्हणतात?"

"पापिट," राजम्मा म्हणाली. किती दिवसांनी बोलली. वर मात्र बघितलं नाही.

"पापिट! उर्दूत मांग. आपल्यात भांग. आणि इंग्रजीत शेड! राजम्मा, मी चुकलो. ती पाणपोई नव्हतीच. पाण्याचा भांग होता तो!" त्यांना पुन्हा भाषण चढत होतं. "आता तूच सांग, भांग पाडला म्हणून डोकी दोन होतात का? इकडचे केस काय, तिकडचे केस काय, एकाच डोक्याचे. तसं आपण परभणीला गेलो म्हणून काही..."

"भांग पाडायला काय लागतं, एवंडी?" राजम्मानं कंगव्याचं टोक त्यांच्यासमोर धरलं. "एवढं टोक पुरतं. पण गुंता असला की केस तुटतात. ते कंगव्याला नाही कळत. हिला विचारा."

"दुखतं अप्पा," थोरली म्हणाली. तिला बिचारीला आपलंच चाललंय असं वाटलं.

माणूस शब्दांत हरला की कसा दिसतो, ते मी पहिल्यांदा बघितलं. म्हाताऱ्याला मराठी येत नव्हतं. त्यानं एकदा लेकीकडे बघितलं, एकदा जावयाकडे. जावई जाणार हे गावभर झालं होतं, त्याच्या कानावरही गेलं असणारच. त्यानं तेलुगूत एवढंच विचारलं, "एप्पुडु?" म्हणजे कधी.

मास्तर उठले. चपला काढल्या. पायरीवर म्हाताऱ्याच्या शेजारी जाऊन बसले. इतक्या वर्षांत त्या पायरीवर त्या दोघांना शेजारी बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

"पोतलेम्, मामा," ते म्हणाले.

जात नाही, मामा. मामा हा शब्द दोन्हीकडे तोच, तिकडे सासऱ्यालाही मामाच म्हणतात. राजम्माचा हात पोरीच्या केसांत होता तसाच राहिला. मग ती उठून आत गेली, आणि आतून भांड्यांचा मोठा आवाज यायला लागला. रडणं झाकायला बायका भांडी वाजवतात, हे मला सांगायला नको. मीही डोळे पुसले आणि घरी आले.

सोमवारी प्रार्थना झाल्यावर मास्तर पुढे आले. "निरोपसमारंभात मी वॉटरशेडचा अर्थ पाणपोई सांगितला. तो चूक आहे. पाण्याचा भांग, असा विग्रह करावा. मी परभणीला जात नाही. वर्गात चला." पोरांनी टाळ्या वाजवल्या. पोरं कशालाही वाजवतात. हेडमास्तर मात्र चिडले, कारण मास्तरांच्या जागेवर त्यांनी आपला भाचा मनात धरला होता. मुदत संपली नव्हती म्हणून मास्तरांना आपला कौल बदलता आला. स्टाफरूममध्ये पुढे महिनाभर तीच चेष्टा. एका शब्दापायी हेडमास्तरकी घालवली! शब्दाचा अर्थ बदलला म्हणून कुणी गाव बदलतं का?

"अर्थ बदलला नाही," मास्तर म्हणायचे. "मला उशिरा कळला."

मला विचाराल तर शब्दाचं ते निमित्त होतं. त्यांना राहायचंच होतं, फक्त कुणीतरी थांबवायला हवं होतं. पण हे मी त्यांना एकदा बोलून दाखवलं तेव्हा ते माझ्यावर रागावले. शब्दाला निमित्त म्हटलेलं त्यांना खपायचं नाही.

किंमत त्यांनी मोजली. भाऊ परभणीहून आला, तो घरी गेलाच नाही. काचीगुडा स्टेशनातच बाकावर बसून मास्तरांना बोलावून घेतलं. आमचे हे पलीकडच्या बाकावर होते, त्यांनी ऐकलं. भाऊ म्हणत होता, "बायकोच्या गावचा झालास." मास्तर म्हणाले, "हौ." त्याच गाडीनं भाऊ परत गेला. शाळेचे मराठी वर्ग एकेक करून बंद झाले. मास्तर मग तेलुगू माध्यमाच्या पोरांना इंग्रजी शिकवायला लागले. चाळिशी उलटल्यावर त्यांचं तेलुगू ऐकून पोरं खिदळायची, मग ते बोटं जुळवून ओरडायचे आणि पोरं त्यांची व्हायची. साधे मास्तर म्हणूनच रिटायर झाले. ज्यांना त्यांनी एबीसीडी शिकवली, ते पुढे त्यांचे इन्स्पेक्टर होऊन आले.

आई हैदराबादला कधी आली नाही. मास्तर दर दिवाळीला जायचे. ती गेली तेव्हा तार मिळून मास्तर पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. परत आल्यावर मला म्हणाले, "बाई, तुम्ही म्हणाला होतात ना, मधे कुठंतरी ती धार आहे? जाताना मी खिडकीत बसून बघत होतो. कुठंच दिसत नाही हो. सपाट आहे सगळं." मी भूगोल शिकवते, पण ती धार मीही कधी बघितलेली नव्हती.

रिटायर झाल्यावर आमचं जाणं-येणं कमी झालं. एका संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन अंबरपेठेत गेले. म्हातारा शिंपी जाऊन खूप वर्षं झाली होती, मुली लग्न होऊन आपापल्या घरी. राजम्माचा उजवा हात आदल्या पावसाळ्यात झटक्यानं लुळा पडला होता, हे मी ऐकून होते, पण डोळ्यांनी बघितलं नव्हतं.

त्याच पायरीवर ती बसली होती. मागे स्टुलावर मास्तर. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात कंगवा, दातांत रिबीन. मला बघून ती त्यांनी काढली.

"या बाई, बसा. वॉटरशेडचं काम चाललंय."

"रोज हेच," राजम्मा म्हणाली. "दहा वेळा पाडतात, दहा वेळा मोडतात. तेल सगळं माझ्या मानेवर." मग मागे न वळता, "एवंडी, झाला का सरळ?"

"मधोमध," मास्तर म्हणाले.

"तुमचं काय खरं, पाणपोई म्हणणारे तुम्ही. बाईंना विचारा. त्या भूगोलाच्या."

मास्तरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मी उठून जवळ गेले आणि वाकून पाहिलं. भांग कपाळापाशी नीट निघाला होता, पण अर्ध्यावर आल्यावर डाव्या कानाकडे कलला होता, चांगला दोन बोटं.

"अगदी मधोमध आहे गं," मी म्हटलं.

मास्तरांनी कंगवा बाजूला ठेवला, दोन्हीकडचे केस एका मुठीत घेतले आणि वेणी घालायला लागले.